तोंडातला घास

दात आधी पावात शिरले, मग कसल्यातरी आंबटगोड चटणीत, आणि मग त्या वस्तूत. तिथं ते अडले. त्या वस्तूला धागे होते. दातांखाली ती तुटली नाही, ताणली गेली, आणि एका बाजूनं सुटून जिभेवर आली. कोमट, ओलसर, किंचित खारट. त्रिशलानं आजवर जे जे खाल्लं होतं त्यातलं काहीच असं सुटून आलं नव्हतं. भाकरी मोडते. वांगं विरघळतं. शेंगदाणा फुटतो. हे चावणाऱ्याला विरोध करत होतं. जणू त्याची स्वतःची एक दिशा होती आणि तिच्या दातांची दुसरी. तिनं जबडा थांबवला. समोर सुभेदार ज्ञानदेव पोळ हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते.

"कसं हाय, ताई?" त्यांनी विचारलं. "नवीनच काढलंय ह्यांनी. पेपरात पान भरून जाहिरात हुती. स्वस्तातलं हाय, पण गरमागरम देत्यात. म्हटलं, नवीन निघालेलं सगळंच एकेक आणून बघू."

तिनं मान हलवली. तोंड बंद असलं की मान हलवता येते, एवढं बरं. घास तिनं जिभेनं डाव्या गालात सरकवला आणि तिथंच धरून ठेवला. मांस असेल का? प्रश्न मनात उमटला आणि त्याच क्षणी तिच्या मानेवर घाम आला. दुकानातला एसी थेट डोक्यावर होता, तरी घाम आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला हे कळणार कसं? ज्यानं जन्मात चाखलं नाही त्यानं ते कशावरून ओळखायचं? चव ओळखायला ती आधी जिभेवर होऊन गेलेली असावी लागते. तिच्या जिभेला त्या गोष्टीचं नावच माहीत नव्हतं. तिच्या आईच्या जिभेला नव्हतं, आजीच्या नव्हतं. म्हणजे तिचं सगळं शुद्ध आयुष्य या एका घटकेला तिच्या काहीच उपयोगाचं नव्हतं.

टेबलाच्या या बाजूला ती आणि तिचे यजमान, भरतेश. त्या बाजूला सुभेदार आणि त्यांच्या मंडळी, संयोगिताबाई. कडेला, एकमेकांसमोर, तिची मुलगी कीर्ती आणि सुभेदारांचा मुलगा ऋषिराज. दोघं साताऱ्याच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात कामाला होती. तिथंच जमलं होतं. आष्ट्याला ही गोष्ट कळली तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. भरतेश दुकानात जात, पाण्याच्या मोटारी, पाइप विकत, घरी येत, आणि भिंतीकडं तोंड करून झोपत. मग एक दिवस आपणच म्हणाले, बघून तर येऊ. पण त्यांच्या घरी नाही. घरी गेलं की पाणी घ्यावं लागतं, आणि पाणी घेतलं की अर्धं हो म्हटल्यासारखं होतं. सुभेदारांचं मूळ गाव म्हसवड, पण पेन्शनीनंतर साताऱ्यात बंगला बांधला होता. त्यांनीही ताणलं नाही. कीर्तीनंच मध्यम मार्ग काढला: हायवेच्या कडेचं हे दुकान. ना तुमचं ना आमचं. काचेच्या भिंती, लाल-पिवळ्या खुर्च्या, छतातून कुठूनतरी येणारं गाणं. इथं कुणाची चूल नव्हती. म्हणूनच त्रिशलाला आल्यापासून आत कुठंतरी उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. अन्न कुणाच्या हातचं आहे हेच दिसत नव्हतं. ऋषिराजनं एका उभ्या पडद्यावर बोटं फिरवली होती, आणि थोड्या वेळानं भिंतीतल्या खिडकीतून दोन ट्रे बाहेर आले होते. कागदात गुंडाळलेले छोटे बर्गर, एक रोल, चीजचे त्रिकोणी तुकडे, मक्याचे दाणे. त्यानं त्यातलं एक उचलून तिच्यापुढं ठेवलं होतं. "काकू, हे तुमच्यासाठी." एवढंच म्हणाला होता, आणि लाजून बाजूला झाला होता.

तिच्यासाठीच का? वेगळं काढून का ठेवलं? आता तिला ते आठवलं आणि गालातला घास जड झाला. मुद्दाम कुणी असं करेल? पोराचे डोळे तर स्वच्छ होते. मग आतल्यांनी चूक केली असेल. एवढी गर्दी, एवढी पोरं टोप्या घालून धावतायत, एक कागद इकडचा तिकडं व्हायला कितीसा वेळ? थुंकावं. आत्ता, इथंच, कागदाच्या रुमालात. पण ती थुंकली की भरतेश विचारतील काय झालं, आणि काय झालं हे कळलं की ते उठतील. ते उठले की संपलं. ते याचीच वाट बघत आलेत हे तिला आष्ट्याहून निघतानाच कळलं होतं. गाडीत कऱ्हाडपर्यंत ते शांत होते. त्यांचं शांत असणं तिला वाचता येत होतं. माणूस नाही म्हणायला निमित्त शोधत असतो तेव्हा असा शांत असतो. आणि निमित्त आता तिच्या डाव्या गालात होतं.

तिच्या माहेरी, समडोळीला, आई विहिरीचं पाणी दुपदरी पांढऱ्या फडक्यातून गाळायची. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची, आणि त्यात उतरलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा विहिरीत सोडायची. बादली पाण्यापर्यंत नेऊन अलगद, वरनं टाकायचं नाही, त्यांना लागेल. लहानपणी त्रिशला विहिरीच्या काठावर पोटावर झोपून खाली बघायची. कुणाला लागेल? तिथं तर काहीच दिसत नाही. आई म्हणायची, दिसत न्हाई म्हणून नसतं व्हय? पुढं सगळं आयुष्य ती त्या न दिसणाऱ्यांना सांभाळत आली. पालेभाजीचं पान पालथं करून बघितल्याशिवाय चिरलं नाही. कांदा-बटाटा सुटून किती वर्षं झाली. दिवस मावळला की जेवण नाही, नुसतं पाणी. हे सगळं करताना तिला कधी जड वाटलं नव्हतं, अभिमानही वाटला नव्हता. ते श्वासासारखं होतं. आणि आता, काचेच्या भिंतीपलीकडं अजिंक्यताऱ्याची उतरण उन्हात तांबूस झालेली दिसत असताना, तिच्या गालात एक अख्खा जीव असेल. दिसणारा. धावलेला. डोळे असलेला. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. पाणी घेतलं तर घास वाहून जाईल.

"सुभेदारसाहेब," भरतेश बोलू लागले. त्यांच्यापुढचा कागद त्यांनी उघडलाही नव्हता. "जातीचं मी काढत न्हाई. तुमी शेतकरी, आमी शेतकरी. आमचंबी रान हाय, ऊस हाय. पोरगा शिकलेला हाय. आमची अडचण एकच. ताटाची."

"बोला की, अण्णा. त्यासाठीच बसलोय."

"आमची पोरगी मुंगी दिसली तर पाय उचलून टाकती. तिच्या जन्मात तिनं असलं काय शिवल्यालं न्हाई. तुमच्यात जत्रा-खेत्रा असत्यात, पाव्हणं-रावळं असत्यात. तिला त्या भांड्याला हात लावायला लागू ने. आणि कुणी गोडीगुलाबीनं, एक घास खाऊन बघ, असं म्हणू ने. मला शब्द पायजे."

सुभेदारांनी पाठ ताठ केली. "फौजेतल्या माणसाचा शब्द हाय. तिची चूल येगळी, भांडी येगळी. जबरदस्तीचं नावच नको. काय गं?"

"मी स्वतः वरच्या मजल्यावर येगळा ओटा करून देती," संयोगिताबाई म्हणाल्या. "पोरगी हाय ती. तिला उपाशी ठेवू व्हय आमी?"

चांगली माणसं होती. त्रिशलाला रडू यावं इतकी चांगली. तिनं कीर्तीकडं पाहिलं. कीर्ती मक्याच्या दाण्यांतला एक दाणा चमच्यानं इकडून तिकडं ढकलत होती. तिनं मान वर केली नाही. मुंगी बघून पाय उचलणारी पोरगी; हे खरं होतं. पाच-सहा वर्षांची असताना ज्वारीतले सोंडे किडे वाटीत गोळा करून घरामागच्या परड्यात सोडून यायची. पण भरतेशना आठवत नव्हतं असंही काही त्रिशलाला आठवत होतं. भरतेश रागावले की हात उचलत नसत, आवाज चढवत नसत. ते ताटावरून उठत. आमटीत खडा लागला, उठले. पाव्हण्यांसमोर त्रिशलानं मध्येच तोंड घातलं, उठले. आणि ते उठले की त्या घरात कुणी जेवायचं नाही, असा नियम कुणी न सांगता झालेला होता. सासूबाई होत्या तोवर त्याही नुसत्या बसून राहायच्या. त्रिशला भरतेशसमोर जेवायला बसली की आपल्या घासाकडं बघत नसे, त्यांच्या तोंडाकडं बघे. कपाळाची शीर हलली का, भुवई उचलली का, ते बघून मग गिळायचं. कीर्तीनं साताऱ्याची नोकरी धरली त्या आठवड्यात ते लागोपाठ उठत राहिले. ताटं झाकून ठेवलेली. आणि एका संध्याकाळी त्रिशला स्वयंपाकघरात गेली तर कीर्ती ओट्याशी उभी राहून, एकटी, शांतपणे भाकरी खात होती. वांग्याची भाजी, भाकरी, वर दही. अगदी चावून चावून. त्रिशला दारातच थबकली होती. तिला वाटलं होतं, पोरीला काळीज नाही. आणि त्याच वेळी, पोटात भुकेचा डोंब उसळलेला असताना, तिला त्या पोरीच्या हलणाऱ्या जबड्याचा हेवा वाटला होता.

"काय गं," भरतेश तिच्याकडं वळले. "तुला काय वाटतं? सुभेदार शब्द देतायत. बोल की."

ते कधी विचारत नसत. आज चार माणसांत विचारत होते, कारण विचारायची रीत असते. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. तिनं भरतेशच्या कपाळाकडं पाहिलं. शीर दिसत होती. भुवई किंचित वर गेली होती. बोल.

तिनं गिळलं.

घशातून तो घास खाली जाताना तिला स्पष्ट कळला. एक अरुंद, ओला, दुखरा रस्ता. त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं.

"मला काय वाटायचंय," ती म्हणाली. "तुमी म्हणताय ते बरोबर हाय." आणि उरलेला तुकडा कागदात मुठीत धरून ती उठली. "तिखट लागलं. तोंड धुऊन येते."

बेसिन मागच्या बोळात होतं. तिनं नळ सोडला आणि ओंजळीनं पाणी घेऊन चुळा भरत राहिली, एकामागून एक. थुंकायला आता काहीच नव्हतं हे माहीत असूनही. आरशात एक बाई दिसत होती, हनुवटीवरनं पाणी गळणारी, कुंकू जरा पसरलेलं. हिनं गिळलं, तिला वाटलं. कुणी गळा धरला नव्हता. कुणी बळंच भरवलं नव्हतं. हिनं गिळलं.

"आई?" मागं कीर्ती उभी होती. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

त्रिशलानं मूठ उघडली. चुरगळलेल्या कागदात तो अर्धा बर्गर होता. तिला तो शब्द उच्चारता येईना. "ह्यात काय हाय गं? धागं हायेत ह्यात. मला... कीर्ती, मी गिळलं."

कीर्तीनं तो तुकडा घेतला, पाव उचलून आत पाहिलं, नाकाशी नेला. आणि मग, कुणी मिठाची चव बघावी तितक्या सहज, तिनं त्याचा एक घास तोडला. चावला. दोनदा, तीनदा. तिचा चेहरा सैल झाला.

"सोयाबीन आहे आई. सोयाबीनची टिक्की. बाकीच्या सगळ्यांत बटाटा आहे म्हणून ऋषीनं तुझ्यासाठी मुद्दाम हे शोधून मागवलं."

"नक्की?"

"अगदी नक्की. चिकन असं लागत नाही. त्याचे धागे वेगळे असतात, ते लगेच..."

ती थांबली. नळ चालूच होता. त्रिशलाच्या छातीतला दगड हलला होता, निघून चालला होता, आणि तो निघाल्यावर जी मोकळी जागा झाली तिच्यात कीर्तीचं वाक्य सावकाश उतरत होतं. असं लागत नाही. वेगळे असतात. तिनं हात पुढं करून नळ बंद केला.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

कीर्तीनं भिंतीकडं बघितलं, मग सरळ तिच्याकडं. "झाली दोनेक वर्षं. ऋषीमुळं नाही. त्याच्या घरी तर मी साधी आमटीसुद्धा खाल्लेली नाही. रूमवरच्या मुलींबरोबर. एकदा चव बघितली. मग... मला आवडलं, आई." तिचा आवाज बारीक झाला. "बाबांना सांगशील?"

आवडलं. त्रिशलाला ओरडावंसं वाटलं नाही. वाटायला हवं होतं. तिला फक्त बाहेरचं टेबल दिसत होतं. त्या टेबलावर दोन बाप या पोरीच्या तोंडात काय जावं आणि काय जाऊ नये याचा शब्द देत होते, घेत होते, वरच्या मजल्यावर ओटे बांधत होते. एक भला माणूस आपली फौजेतली इज्जत एका अशा गोष्टीवर लावत होता जी केव्हाच होऊन गेली होती. आणि ही पोरगी दाणे ढकलत खाली मान घालून बसली होती. अशी मान घालून बसायला ती कुणाकडून शिकली, हे त्रिशलाला कुणी सांगायला नको होतं.

"मी न्हाई सांगणार," ती म्हणाली. "तू सांगायचंस. आत्ता."

"आत्ता? आई, मोडेल सगळं."

"मोडू दे. त्या माणसांनी तुजं काय वाईट केलंय? उद्या त्यांच्याच डोक्यावर खापर फुटंल. म्हणतील, त्यांनी बाटवली." आणि मग, कीर्तीचा ओला हात धरून, "मी शेजारी बसते. चल."

त्या परत आल्या तेव्हा भरतेशनी पहिल्यांदाच आपल्यापुढचा कागद उघडला होता आणि चीजचा एक त्रिकोणी तुकडा हातात घेतला होता. म्हणजे ते जवळजवळ राजी झाले होते. त्रिशलाला ते दिसलं. अजूनही गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं किती सोपं, किती ओळखीचं. ती खुर्चीवर बसली.

"तेवढं ताटाचं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "आपण ठरवायच्या आधी तिला इचारा."

"तिला काय इचारायचं?" भरतेश म्हणाले.

कीर्ती उभीच होती. ती बोलली तेव्हा ऋषिराजनं डोळे मिटून घेतले. त्याला माहीत होतं. "बाबा, मी खाते. बाहेर. माझी मी. ह्यांच्यापैकी कुणी मला खायला घातलेलं नाही. काकांनी खोटा शब्द देऊ नये म्हणून सांगते."

चीजचा तुकडा भरतेशच्या हातात तसाच राहिला. त्यांनी तो कागदावर ठेवला, बोटं पुसली, आणि उठले. काचेचं दार ढकलून बाहेर गेले. गाडीत जाऊन बसलेले इथनं दिसत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दुकानातलं गाणं चालूच होतं.

"ताई," सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले, "सिद्धनाथाची आण, आमाला ठाव नव्हतं."

"मला ठाव हाय, तुमाला ठाव नव्हतं ते."

"पोरीनं छातीचा कोट करून खरं सांगितलं. पर आता काय?"

काय, हे तिलाही माहीत नव्हतं. सवयीनं तिची नजर बाहेर, गाडीकडं, त्या कपाळाकडं गेली. काचेवर ऊन पडलं होतं. कपाळ दिसत नव्हतं. तिनं नजर आत वळवली.

"माज्याकडनं व्हय हाय," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना इचारा. आज नगं. चार दिवस जाऊ द्या."

संयोगिताबाईंनी तिचा हात दाबला. कीर्ती रडत होती, पण मान वर होती. त्रिशलानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, रूमवर गेल्यावर फोन कर म्हणाली, आणि बाहेर आली.

कऱ्हाड गेलं, पेठ नाका गेला. दिवस मावळून गेला होता. सकाळी निघताना खाल्लेल्या भाकरीनंतर तिच्या पोटात त्या एका घासाशिवाय काही नव्हतं, आणि आता उद्यापर्यंत असणारही नव्हतं. भरतेश समोर बघत चालवत होते. ती वाट बघत होती. काहीतरी फुटेल, आता फुटेल. प्रत्येक गाव मागं पडताना तिचा खांदा आखडत होता. आष्टा थोडंसं राहिलं असताना पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि गाडी थांबली. कारखान्याकडं निघालेला, कापलेल्या उसाचा गोडसर वास काचांतून आत आला.

"तू तोंड धुवायला गेलीस," भरतेश म्हणाले. त्यांचा आवाज बसलेला होता. "तवा तुला कळलं व्हय, तिचं?"

"व्हय."

"कसं काय निघालं?"

खोटं बोलता आलं असतं. तिखट लागलं, असं एकदा बोललीच होती. "मला वाटलं, माज्या तोंडात मांस हाय," ती म्हणाली. "तिनं चव घिऊन सांगितलं, सोयाबीन हाय म्हणून."

त्यांनी झटक्यात मान वळवली. "तुला वाटलं मांस हाय? मग थुकली न्हाईस?"

"न्हाई. गिळलं."

"मांस हाय वाटूनशान गिळलंस?" ते जवळजवळ ओरडले. "तू? आगं, का?"

ट्रॉलीच्या मागचा तांबडा दिवा त्यांच्या तोंडावर पडला होता. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. शीर होती, भुवई होती, सगळं जिथल्या तिथं होतं. तिला फक्त फार दमल्यासारखं वाटलं.

"तुमी माज्याकडं बघत हुतासा," ती म्हणाली.

पुढची ट्रॉली हलली. रस्ता मोकळा झाला. भरतेशनी गाडी पुढं घेतली नाही. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला, मग दुसऱ्या कुणीतरी दिला, मग सगळेच देऊ लागले. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले, तिथं काहीतरी लिहिलेलं असावं आणि आपल्याला ती लिपीच येत नसावी तसे.

"चला," ती म्हणाली. "लोक खोळंबल्यात."